आईनं पुसलेलं कुंकू

चंदीगडमध्ये मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कोणतं?" दुसरा, "बदली होऊन किती वर्षं झाली?" तिसरा प्रश्न मात्र कुणी सरळ विचारत नाही. तो आडवळणानं येतो. "माहेरचं आडनाव काय?" "कुलदैवत कुठलं?" एवढं करूनही उत्तर हाती लागलं नाही, की मग आवाजात साखर घालून, "नाही, म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच ना?" आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून कुणाला काही काढता येत नाही. एकदा एका बाईंनी कुलदैवत विचारलं, तेव्हा मी "केंद्र सरकार" असं सांगितलं. त्या हसल्या खऱ्या, पण शंका काही फिटली नाही.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धम्मदीक्षा घेतली, देव नदीत सोडले, आणि कुलदैवताचा प्रश्न आमच्यापुरता तिथंच संपला. मी हे कधी लपवलं नाही आणि गळ्यात पाटी अडकवून फिरलेही नाही. सेक्टर चौतीसमध्ये माझं ऑफिस. कोचिंग क्लासच्या पोरापोरींच्या गर्दीतून वाट काढत सकाळी आत शिरायचं, संध्याकाळी सरकारी क्वार्टरवर परतायचं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जायचे ते मुलीच्या कानावर चार मराठी शब्द पडावेत म्हणून. मुलीला मराठी सगळी समजते आणि ती उत्तर हिंदीत देते. स्वतःच्या आजीलाही ती "नानी" म्हणते.

ही आजी, म्हणजे माझी आई, वडील गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. आई अकोल्याकडची, ऐंशी ओलांडलेली, जन्मभर वऱ्हाडी बोललेली, 'ळ'ला 'य' म्हणणारी. इथलं पहिलं धुकं पाहून तिनं विचारलं होतं, "कोनं यवढा धूर केला वं?" मी ऑफिसला, तिचा जावई फिरतीवर, नात कॉलेजात. दिवसभर तिला बोलायला कुणी नाही. खालच्या सरदारनीबाई प्रेमानं पंजाबीत बोलायच्या, आई प्रेमानं वऱ्हाडीत उत्तर द्यायची, आणि दोघी दमून आपापल्या घरी जायच्या.

मग तिला काकू भेटल्या. क्वार्टरसमोरच्या बागेपलीकडं एका कोठीचा वरचा मजला भाड्यानं घेऊन हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याचं कुटुंब राहत होतं. काकू त्या अधिकाऱ्याच्या आई, वाईकडच्या. त्यांचं बोलणं अगदी इस्त्री केलेलं. दोघी रोज सकाळी धुकं उठलं की बागेतल्या बाकावर उन्हाला बसायच्या. आईच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा, काकूंच्या डब्यात रव्याचा लाडू. एकीची मराठी दुसरीला पुरती कळायची नाही, पण त्यानं कुणाचं अडत नव्हतं. आई संध्याकाळी मला काकूंच्या गोष्टी सांगायची, आणि तिच्या आवाजात पूर्वीचा जोर परत आलेला ऐकून मला फार बरं वाटायचं. त्या बाकाचे माझ्यावर उपकार होते.

काकू आईला "ताई" म्हणायच्या. "आपण दोघी बरोबरीच्या," असंही म्हणायच्या. म्हणजे दोघींचे नवरे गेलेले, दोघींची कपाळं मोकळी. काकूंनी तसं धरून चालणं साहजिकच होतं. पण आईच्या कपाळाची गोष्ट वेगळी होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आई लग्न होऊन आली तेव्हा सासरी दीक्षा झालेली होती, पण बायकांनी कुंकू सोडलं नव्हतं. देव गेले तरी सवयी चुलीपाशी राहतात. काही वर्षांनी वस्तीत महिलांचा मेळावा झाला. तिथं एका बाईनं भाषणात विचारलं, नवरा असला की लाल आणि नसला की पांढरं, हे बाईचं कपाळ आहे की नवऱ्याची पाटी? आई घरी आली. वडील गिरणीतून येऊन जेवायला बसले होते. त्यांच्यासमोर तिनं पदरानं कुंकू पुसलं. वडील घास हातात धरून म्हणाले, "अवं, मी जित्ता हावो न!" आई म्हणाली, "तुमी जित्ते हात म्हनूनच आज पुसतो. तुमी गेल्यावर पुसलं तं लोक म्हनतीन, नवरा मेला म्हनून पुसलं." वडिलांनी क्षणभर विचार केला आणि भाजी मागितली. सासूनं मात्र महिनाभर बोलणं टाकलं. वस्तीतल्या बायका तोंडावर अवदसा म्हणाल्या. आईनं सगळं सोसलं. शाळा चौथीपर्यंत झालेल्या माझ्या आईनं आयुष्यात जे काही संपूर्णपणे स्वतःच्या मनानं केलं, ते हे एक.

आणि इतक्या वर्षांनी, इतक्या लांब येऊन, लोक नेमकं तेच समजत होते: नवरा मेला, म्हणून कपाळ मोकळं. आई काकूंना काही बोलली नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "थे इचारत नाई, मी सांगत नाई. बोलाले लय इषय हायेत आमाले."

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी काकूंच्या सूनबाई आमच्याकडं आल्या. मंडळाच्या बायकांचं काम त्याच बघायच्या. उत्साही, सरळ मनाची बाई. मला त्या आवडायच्या, आजही आवडतात. त्यांच्या घरात दर संक्रांतीला हॉलमध्ये हळदीकुंकू व्हायचं आणि काकू आत स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत बसायच्या, बाहेर यायच्या नाहीत. सूनबाईंना ते खुपत होतं. "या वर्षी वेगळं हळदीकुंकू करायचं," त्या म्हणाल्या. "विधवा, सवाष्ण असा भेद नाही. पहिला मान आमच्या आईंना. आणि तुम्ही बोलायचं. स्त्रीमुक्तीचा इतिहास, दहा मिनिटांत. फार जड नको हं."

मी हो म्हटलं. हळदीकुंकू आमच्यात नाही, पण एक बाई स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येणार होती. त्याला नाही म्हणायला मला कारण दिसलं नाही.

काकूंनी बाकावर आईला गळ घातली. "ताई, तुम्ही याच. तुम्ही शेजारी बसलात तर मला धीर येईल. इतक्या बायकांत मी एकटी कशी जाऊ?" आईला नाही म्हणवेना. रात्रीच्या भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "मले बी कुकू लावतीन काय वं थे?"

मी म्हटलं, "मी सूनबाईंना आधीच सांगते."

"सांगू नको. आधीच सांगतलं तं थ्या बाईचं मन मोडन. तिचा दिवस हाये. माह्यापाशी ताट आलं की मी हयूच नाई म्हनतो."

तिला कुंकू लावून घ्यायचं नव्हतं आणि काकूंना गमवायचंही नव्हतं. या परक्या गावात तिच्याकडं तेवढं एकच माणूस होतं. दोन्ही सांभाळता येईल असं तिला वाटलं.

मी भाषण लिहायला बसले. पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या बाईवर शेण फेकलं गेलं तिथून सुरुवात केली. विधवांचं केशवपन, आणि ते करायला नकार देणारे न्हावी. बायकांचं शिक्षण, मतदान, नोकरी. पुढं महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका, हुंडाबळींविरुद्धचे मोर्चे, आणि खेडोपाडी गेलेली स्त्रीमुक्तीची पत्रकं. मुलगी वाचून म्हणाली, "मम्मी, इसमें नानी कहाँ है?" ती कायद्याची विद्यार्थिनी आहे, तिला सगळ्याचं नाव माहीत असतं. याला इंटरसेक्शनॅलिटी म्हणतात, ती म्हणाली. मी मराठी शब्द शोधला तर 'आंतरछेदिता' असा सापडला. सर्जनकडं नेऊन करून घ्यायची गोष्ट वाटावी असा शब्द. मुलीला म्हटलं, साध्या भाषेत सांग. ती म्हणाली की बाई म्हणून होणारा त्रास आणि जात म्हणून होणारा त्रास असे दोन वेगळे डबे नसतात. दोन्ही एकाच बाईवर एकाच वेळी येतात, आणि मग तो तिसराच त्रास होतो. तो बाकीच्या बायकांना दिसत नाही, आणि जातीतल्या पुरुषांनाही दिसत नाही.

आई ऐकत होती. तिला मी भाषणातला एक परिच्छेद वाचून दाखवला, बाईनं घराचा उंबरठा ओलांडला तो. ती हसायला लागली. "आमच्या वस्तीत बी आल्या व्हत्या अशा बाया शयरातून. म्हने, घराभाईर पडा. आमी म्हनलं, बाई, आमी घरात कवा व्हतो? निंदन आमी कराव, माती आमी वाहाव, लोकायचे वाडे आमी झाडाव. आमाले घंटाभर घरात बसू द्या अशी चयवय करा." मी उंबरठा खोडला आणि आईचं वाक्य लिहून घेतलं. दहा मिनिटांचं भाषण कधीच हाताबाहेर गेलं होतं.

कार्यक्रम सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये होता. बाहेर लोहडीच्या शेकोट्यांच्या राखेचे ढीग अजून उचललेले नव्हते. आत पैठण्या, नारायणपेठ्या, काळ्या चंद्रकळा, अत्तराचा वास, सगळीकडं तीळगूळ. काकू फिकट जांभळी साडी नेसून आल्या होत्या आणि आईचा हात त्यांनी सोडला नव्हता. सूनबाईंनी माईकवर चार शब्द सांगितले आणि पुढं येऊन सासूच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, आणि वाकून नमस्कार केला. काकूंचा चेहरा आक्रसला आणि त्या लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या. सगळ्या बायका रडल्या. मीही रडले. त्या घटकेला माझ्या मनात कुंकवाविषयी कसलाही वाद नव्हता.

"आणि आता आपल्या दुसऱ्या आजी," सूनबाई म्हणाल्या.

आईनं कपाळावर हात आडवा धरला. "मले नको, बाई."

सूनबाईंना वाटलं, जुन्या वळणाची म्हातारी, भीत असेल. "आजी, घाबरायचं नाही. काळ बदललाय आता." टाळ्या झाल्या. आईनं पुन्हा नको म्हटलं, या वेळी जरा मोठ्यानं. तेव्हा शेजारच्या दोघी जणी हसत हसत पुढं झाल्या, एकीनं तिचे खांदे धरले, दुसरीनं तिचा हात प्रेमानं खाली घेतला, आणि सूनबाईंनी कुंकू लावलं. मी दोन रांगा मागं होते. खुर्च्या सरकवत पुढं जाईपर्यंत ते होऊन गेलं होतं.

आईनं पदर घेतला आणि तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, कुंकू पुसलं.

भर हळदीकुंकवात एका बाईनं कपाळ पुसणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला अंगातून ठाऊक होतं. एकीनं स्वतःच्या मंगळसूत्राला हात लावला. आई शांतपणे म्हणाली, "हे मी एक डाव पुसलं हाये. माह्ये मालक जित्ते व्हते तवा, त्याइच्यासमोर. आमी बौद्ध हावोत."

मागून कुणीतरी "अगोबाई, म्हणजे..." असं म्हणालं आणि पुढचं गिळलं. मला मात्र ते न बोललेलंही ऐकू आलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना एकदमच मिळालं होतं. काकू आईच्या पदरावरच्या लाल डागाकडं बघत होत्या. त्यांनी आईचा हात सोडला होता.

वाण वाटायला घाई झाली. स्त्रीमुक्तीचा इतिहास वेळेअभावी पुढच्या कार्यक्रमात घेऊ, असं माईकवरून सांगण्यात आलं. आम्ही निघालो तेव्हा कुणी थांबवलं नाही.

त्यानंतर आई रोज बागेत जात राहिली आणि बाक निम्मा रिकामा राहिला. शेंगा परत यायच्या. मुलगी संतापली होती, "नानी के साथ ज़बरदस्ती हुई है," म्हणून मंडळाला काहीतरी लिहायला निघाली होती. मला तिच्याहून जास्त राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. वाईट माणूस शोधायला जावं तर एकही सापडत नव्हता. खांदे धरणाऱ्या बायका हसत होत्या, आणि हात खाली घेणारीनं तो किती मायेनं घेतला होता. ज्या मायेपुढं बाईचं 'नको' ऐकू येत नाही, तिचं काय करायचं, हे माझ्या भाषणात कुठंच नव्हतं. या शहरात चौक म्हणजे गोल चक्करं. सगळे आपापल्या बाजूनं वळून जातात आणि आपली कुणाशी गाठच पडली नाही असं मानतात. मंडळाच्या बायका मला आता बाजारात तशाच भेटू लागल्या.

सूनबाई एकदा घरी येऊन गेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "खरंच सांगते, आम्हाला माहीत असतं तर आजींना बोलावलंच नसतं हो," त्या म्हणाल्या. त्या मनापासून माफी मागत होत्या. आपण काय बोललो हे त्यांना कळलं नाही, आणि मी चहा पुढं केला. आई आतून म्हणाली, "काकू कशा हायेत?" सूनबाई म्हणाल्या, "बऱ्या आहेत, पण बाहेर पडत नाहीत."

काकू आल्या त्या एका रविवारी. मी थर्मासमध्ये चहा घेऊन आईजवळ बसले होते. काकू बागेच्या फाटकातून हळूहळू येताना दिसल्या. कपाळाला बारीकसं कुंकू होतं. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही पुसलंत ना, तेव्हा मला वाटलं माझंच पुन्हा पुसलं."

"तुमचं कोनं पुसलं व्हतं?"

"जावांनी. हे गेले त्या दिवशी. दोघींनी हात धरले, तिसरीनं पुसलं."

आई म्हणाली, "मले बी दोघीनंच धरलं व्हतं त्या दिशी."

काकू चपापल्या. त्यांच्या तोंडावर मला ते स्वच्छ दिसलं. कपाळाला बोट लावून त्यांनी विचारलं, "मग मी आता लावू का नको?"

"मले काय इचारता? कपाय तुमचं हाये. तुमाले लावा वाटते तं लावा. लय दिस अडवलं तुमाले."

काकूंनी मान हलवली. मला वाटलं, झालं, मिटलं. पण त्या उठल्या नाहीत. साडीचा काठ बोटांत गुंडाळत राहिल्या, आणि मग आईकडं न बघता बोलू लागल्या.

"आमच्या माहेरी मागच्या दाराला एक बाई यायची. मागचं अंगण झाडायला. तुमच्या... तुमच्या समाजातली. आई मला तिला भाकरी द्यायला पाठवायची. वरून टाकायची, शिवायचं नाही, असं शिकवलेलं. मी सात-आठ वर्षांची असेन. रोज यायची हो ती. परवापासून मी आठवतेय, तिच्या कपाळाला कुंकू होतं का, ती सवाष्ण होती का, कशी दिसायची. काही आठवत नाही. मी तिच्या तोंडाकडं कधी पाहिलंच नाही. हाताकडं बघायची, भाकरी नीट पडली का ते."

मी आईकडं पाहिलं. तिचा जबडा घट्ट झाला होता. एवढ्या वर्षांत हा चेहरा मी दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा त्यानंतर समोरच्या माणसाची धडगत नव्हती. तिनं ओरडावं असं मला फार वाटलं.

आई ओरडली नाही. ती म्हणाली, "माह्यी आजी जाये अशी. मांगच्या दारानं, लोकायच्या वाड्यावर. भाकर आनून आमाले देये. तिचं कपाय मी पाह्यलं हाये. गोंदलेलं व्हतं."

काकू वळून आईच्या तोंडाकडं बघू लागल्या.

"काय गोंदलेलं होतं, ताई?" त्यांनी विचारलं.